लक्ष्मणराव काशिनाथ किर्लोस्कर

लक्ष्मणराव काशिनाथ किर्लोस्कर (जन्म : गुर्लहोसूर, बेळगाव जिल्हा, २० जून १८६९, मृत्यू : २६ सप्टेंबर १९५६) हे भारतातील आद्य यंत्रनिर्माते, किर्लोस्कर उद्योगसमूहाचे संस्थापक आणि किर्लोस्करवाडी या औद्योगिक वसाहतीचे निर्माते होते. भारतीय बनावटीचा लोखंडी नांगर व्यापारी प्रमाणावर तयार करून तो दख्खनच्या शेतकऱ्यापर्यंत पोहोचविणे ही त्यांची मुख्य कामगिरी मानली जाते. कापडगिरण्या आणि कापसाचा व्यापार यांवर पश्चिम भारताचे भांडवल पोसले जात होते, त्या काळात त्यांनी शेतीच्या अवजारांपासून उद्योगाचा आरंभ केला. त्यांच्याजवळ वडिलोपार्जित भांडवल नव्हते, व्यापारी घराण्याची परंपरा नव्हती आणि अभियांत्रिकीची पदवीही नव्हती.

पूर्वायुष्य

किर्लोस्कर घराणे मूळचे कोकणातले. तेथील किर्लोसी या गावावरून त्यांना हे आडनाव मिळाले. पुढे घराण्याची एक शाखा बेळगाव परिसरात स्थायिक झाली. संगीत नाटककार बळवंत पांडुरंग उर्फ अण्णासाहेब किर्लोस्कर यांचे जन्मगावही गुर्लहोसूर हेच. लक्ष्मणरावांचे वडील काशिनाथपंत हे वेदान्ताचे अभ्यासक होते. घरातील वातावरण विद्याव्यासंगाचे असले, तरी लक्ष्मणरावांचे मन शालेय अभ्यासात रमले नाही. चित्रे काढणे आणि हाताने वस्तू घडविणे यांतच त्यांना गोडी होती. सुशिक्षित घरातील मुलाने मॅट्रिक होऊन सरकारी नोकरी धरावी, या त्या काळच्या रूढ अपेक्षेत ही आवड बसणारी नव्हती. वडिलांचा विरोध असताना थोरले बंधू रामूअण्णा त्यांच्या पाठीशी उभे राहिले. त्यांच्याच साहाय्याने १८८५ मध्ये लक्ष्मणराव मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत दाखल झाले.

दोन वर्षांनंतर एक अडचण उघड झाली. लक्ष्मणरावांना अंशतः रंगांधत्व होते. काही छटांमधील फरक त्यांच्या डोळ्यांना कळत नसे. चित्रकार होण्याचा मार्ग त्यामुळे बंद झाला. मात्र यंत्रांची रेखाचित्रे काढण्यास रंगांची गरज नव्हती. त्यांनी तो विषय निवडला आणि त्यात प्रावीण्य मिळविले. पुढे त्यांच्या कारखान्यात निघालेल्या अवजारांची रेषा सुबक असे, त्याचे मूळ या शिक्षणात शोधता येते.

मुंबईतील वर्षे

१८८७ मध्ये मुंबईत व्हिक्टोरिया जुबिली टेक्निकल इन्स्टिट्यूट ही तंत्रशिक्षणाची संस्था सुरू झाली. ती त्या वेळी भायखळ्यास होती. तेथे लक्ष्मणराव यांत्रिक रेखाटनाचे अध्यापक झाले. नोकरी रेखाटन शिकविण्याची असली, तरी त्यांचा फावला वेळ संस्थेच्या कर्मशाळेत जाई. वाफेचे एंजिन, लेथ, ओतकाम यांची माहिती त्यांनी प्रत्यक्ष हात काळे करून मिळविली. इंग्रजी वाचनही त्यांनी याच काळात नेटाने वाढविले. अमेरिकेतून निघणारी यंत्रविषयक मासिके ते नियमाने वाचत आणि हा परिपाठ त्यांनी पुढे चालू ठेवला. औपचारिक पदवी नसलेल्या या माणसाचे खरे विद्यापीठ म्हणजे ही मासिके आणि बिघडलेली यंत्रे होत.

याच सुमारास सायकल हे वाहन भारतात नवे होते. लक्ष्मणराव मुंबईत सायकली खरेदी करून बेळगावला पाठवीत आणि रामूअण्णा तेथे त्या विकत. सायकल चालविण्यास शिकविण्याचे १५ रुपये वेगळे घेतले जात, असे सांगतात. दुकानावर किर्लोस्कर ब्रदर्स ही पाटी लागली. किर्लोस्कर उद्योगसमूह आपले स्थापनावर्ष १८८८ मानतो, ते या दुकानामुळे. बेळगावातील तो रस्ता पुढे किर्लोस्कर रोड म्हणून ओळखला जाऊ लागला. याशिवाय औषधी गोळ्यांसाठी पुठ्ठ्याच्या डब्या करणे, गुंड्या तयार करणे असे लहानसहान प्रयोगही लक्ष्मणरावांनी केले. त्यांतून हाती फारसे लागले नाही. हे प्रयोग चरित्रकार सहसा दोन ओळींत आटोपतात. पण कोणत्या मालाला आयातीशी टक्कर देता येते आणि कोणत्या मालाला येत नाही, याचा धडा त्यांना येथेच मिळाला असावा.

संस्थेत बढतीची वेळ आली, तेव्हा त्यांना डावलून एका अँग्लो-इंडियन व्यक्तीची नेमणूक झाली. लक्ष्मणरावांनी राजीनामा दिला आणि १८९७ मध्ये ते बेळगावास परतले. निश्चित पगार सोडताना त्यांच्यापाशी दुसरा निश्चित आधार नव्हता.

कडबाकुट्टी आणि नांगर

बेळगावला दोघा भावांनी सायकलींच्या जोडीने पवनचक्क्या व इतर आयात मालाची विक्री चालविली. एक लहानशी कर्मशाळाही उभी केली. तेथे तयार झालेले पहिले महत्त्वाचे यंत्र म्हणजे कडबा कापण्याचे यंत्र होय. ज्वारीचा कडबा जनावरांपुढे अख्खा टाकला तर ती पाने व कोवळे शेंडे खातात आणि जाड धाटे तुडवितात. कुट्टी केली तर वैरण वाया जात नाही. दुष्काळी मुलखात या बचतीचे मोल मोठे होते. १८९६-९७ आणि १८९९-१९०० या दोन दुष्काळांनी दख्खनमधील पशुधनाची कशी वाताहत केली, हे लक्षात घेतले म्हणजे या साध्या यंत्राचे महत्त्व कळते.

त्यानंतर ते नांगराकडे वळले. दख्खनचा लाकडी नांगर गावचा सुतार बाभळीच्या लाकडातून घडवी आणि लोहार त्याला लोखंडी फाळ बसवी. हा नांगर जमीन फाडतो. परंतु उलथत नाही. काळ्या जमिनीत हरळी आणि कुंदा यांच्या मुळ्या खोल जातात, तेथवर तो पोहोचत नाही. इंग्लंडहून येणारे लोखंडी नांगर जमीन खोल नांगरून मातीचा थर उलटा पाडीत. त्यामुळे तणांच्या मुळ्या उन्हात वाळत आणि पावसाचे पाणी जमिनीत मुरे. परंतु ते महाग होते, आणि एखादा भाग मोडला तर तो कोठून आणावयाचा याला शेतकऱ्यापाशी उत्तर नव्हते. लक्ष्मणरावांनी परदेशी नांगराचा अभ्यास करून येथील जमिनीला, येथील बैलांना आणि येथील खिशाला परवडेल असा नांगर तयार करण्याचे ठरविले. १९०३ च्या सुमारास किर्लोस्करांचा पहिला लोखंडी नांगर सिद्ध झाला.

नांगर तयार झाला, पण गिऱ्हाईक मिळाले नाही. लोखंडाने जमीन विषारी होते, तिचा कस जातो, अशी समजूत शेतकऱ्यांत दृढ होती. पहिला नांगर विकला जाण्यास सुमारे दोन वर्षे लागली. या समजुतीची नंतरच्या लेखनात पुष्कळ थट्टा झाली आहे. ती काहीशी अन्यायकारक आहे. ज्याचे वर्षाचे अन्न एका हंगामावर अवलंबून असते, त्याने अनोळखी अवजार जमिनीत घालण्यापूर्वी दहा वेळा विचार करावा, यात नवल नाही. शिवाय लोखंडी नांगर जड असल्याने त्याला बैलांच्या जास्त जोड्या लागत, आणि लहान शेतकऱ्याच्या दावणीला एकच जोडी असे. नांगराची खरी अडचण श्रद्धेइतकीच या हिशेबाचीही होती.

लक्ष्मणरावांनी शेतात जाऊन नांगर चालवून दाखविण्याची पद्धत अवलंबिली. या प्रात्यक्षिकांचा उलट लाभ त्यांनाही झाला, कारण नांगराचे दोष शेतातच कळत. सर्वांत नाजूक भाग फाळाचे टोक हा होता. बीड मऊ पडले तर टोक थोड्या दिवसांत झिजते आणि फार कडक झाले तर दगडावर आपटून तुटते. फाळाचे टोक कठीण आणि मागचा भाग चिवट ठेवण्याचे तंत्र ओतशाळेत पुन्हापुन्हा प्रयोग करून साधावे लागले. झिजलेला फाळ काढून त्याच मापाचा नवा बसविता यावा, हेही तितकेच महत्त्वाचे होते. सुतार प्रत्येक नांगर वेगळा घडवीत असे. कारखान्यातील नांगराचा प्रत्येक भाग दुसऱ्या नांगराला लागू पडे. सुटा भाग तालुक्याच्या बाजारात मिळू लागला, तेव्हा शेतकऱ्याचा विश्वास बसला. खरे म्हणजे लक्ष्मणरावांनी नांगराबरोबर मापाचा नेमकेपणा ही नवीच गोष्ट खेड्यात नेली.

बेळगावहून स्थलांतर

धंद्यास जम बसू लागला, तोच १९१० च्या आरंभी बेळगावची जागा सोडण्याची पाळी आली. नगरपालिकेस नव्या वस्तीसाठी ती जमीन हवी होती. भट्टी, यंत्रे, तयार माल आणि कामगार घेऊन जावयाचे कोठे, हा प्रश्न उभा राहिला. कारखाना बंद पडण्याची वेळ आली होती, असे म्हणणे अतिशयोक्तीचे होणार नाही.

या सुमारास औंध संस्थानातील एका बांधकामाच्या निमित्ताने लक्ष्मणरावांचा तेथील अधिपती भवानराव श्रीनिवासराव उर्फ बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांच्याशी संबंध होता. बाळासाहेब स्वतः चित्रकार होते आणि कारागिरीची त्यांना पारख होती. त्यांनी १०,००० रुपयांचे कर्ज दिले आणि आपल्या संस्थानातील कुंडल रोड या रेल्वे स्थानकाजवळची ३२ एकर पडीक जमीन देऊ केली. औंध हे लहान संस्थान, त्याचा मुलूखही विखुरलेला. परंतु ब्रिटिश हद्दीतील नगरपालिकेने ज्या कारखान्याला उठविले, त्याला या संस्थानाने जागा दिली. पुढे ओगले बंधूंचा काचकारखानाही औंध संस्थानातच, ओगलेवाडीस स्थिरावला. अंगी कर्तृत्व असले तरी त्याला उभे राहण्यास जमीन, पतपुरवठा आणि राज्यकर्त्याची सदिच्छा लागते, याची ही दोन ठळक उदाहरणे आहेत.

किर्लोस्करवाडी

१० मार्च १९१० रोजी नव्या जागेवर कामास प्रारंभ झाला. जागा म्हणजे निवडुंगाने भरलेला माळ होता. सापांचा सुळसुळाट होता आणि पाण्याची टंचाई होती. जमेच्या बाजूला एकच गोष्ट होती : शेजारून पुणे-मिरज मीटरमापी रेल्वेमार्ग जात होता. कोळसा व कच्चे लोखंड आणण्यास आणि तयार नांगर पाठविण्यास रेल्वेवाचून गत्यंतर नव्हते. सुमारे २५ कामगार आणि त्यांची कुटुंबे घेऊन वसाहत सुरू झाली. तिला किर्लोस्करवाडी हे नाव मिळाले आणि कालांतराने रेल्वे स्थानकाचे नावही तेच झाले. आजच्या झारखंडमधील साकची, म्हणजे पुढचे जमशेदपूर, येथे टाटांचा पोलाद कारखाना नुकताच उभा राहत होता. दोहोंच्या आकारमानाची तुलना होऊ शकत नाही. तथापि कारखान्याच्या गरजेतून नियोजनपूर्वक वसविलेल्या भारतीय वसाहतींत किर्लोस्करवाडीचा क्रम फार वरचा आहे.

कारखाना लक्ष्मणरावांनी पाहिला आणि गाव रामूअण्णांनी. रस्ते, घरे, झाडे, पाणी, स्वच्छता ही सर्व व्यवस्था रामूअण्णांकडे होती. त्यांच्याशिवाय किर्लोस्करवाडी उभी राहिली नसती, तरी तिच्या इतिहासात त्यांना मिळावयास हवी तेवढी जागा मिळत नाही. शंभोराव जांभेकर, के. के. कुलकर्णी, मंगेशराव रेगे आणि अनंतराव फळणीकर हे सहकारी लक्ष्मणरावांना याच काळात लाभले. यंत्रकाम, विक्री आणि हिशेब यांची वाटणी त्यांच्यात झाली. लक्ष्मणरावांच्या पत्नी राधाबाई यांचाही वसाहतीच्या घडणीत वाटा होता. पहिल्या वर्षांत तेथे येऊन राहणाऱ्या कुटुंबांना दुकान, वैद्य, शाळा यांपैकी काहीही जवळ नव्हते, आणि संसार मांडण्याचा भार मुख्यतः बायकांवर पडला.

कामगारांपैकी बहुतेक जण आसपासच्या खेड्यांतले शेतकरी आणि कारागीर होते. घड्याळाप्रमाणे कामावर येणे, मापाने काम करणे, ठरावीक दिवशी पगार घेणे या गोष्टी त्यांना नव्या होत्या. सुताराचा मुलगा ओतकामाचे नमुने करू लागला, लोहाराचा मुलगा लेथवर बसला, शेतमजूर ओतशाळेत साचे भरू लागला. जातीने ठरविलेले काम सोडून शिकण्याने मिळणारे काम धरणे, हा त्या प्रदेशात मोठा बदल होता. लक्ष्मणरावांनी वसाहतीत अस्पृश्यता पाळण्यास बंदी केली. १९१० नंतरच्या दशकात खेड्यांतील पाणवठ्यांची काय स्थिती होती हे जाणणाऱ्यास या नियमाचे धाडस समजेल. ब्रिटिश कायद्याने काही जमातींवर गुन्हेगारीचा शिक्का मारला होता. अशा काळात शिक्षा भोगून आलेल्या माणसांना लक्ष्मणरावांनी रात्रीच्या पहाऱ्यावर नेमले. त्यांच्या या निर्णयाची आठवण किर्लोस्करवाडीत पुढे अनेक वर्षे सांगितली जाई.

या व्यवस्थेला वडीलकीची छटा होती, हेही नमूद केले पाहिजे. घर, काम आणि गावकारभार एकाच मालकाच्या हाती असला, की काम गमावणाऱ्याचे घरही जाते. आणि मालक चांगला असणे यावरच सर्व काही अवलंबून राहते. लक्ष्मणराव व रामूअण्णा यांच्या हयातीत या व्यवस्थेचे गुण अधिक दिसले. ती कामगारांच्या हक्कांवर उभी नव्हती, चालकांच्या सद्‌भावनेवर उभी होती, असे मात्र म्हणावे लागते.

पहिले महायुद्ध

१९१४ मध्ये युद्ध सुरू झाले आणि इंग्लंडचे नांगर येणे थांबले. किर्लोस्करांच्या नांगराला मागणी वाढली. पण त्याच वेळी कच्चे लोखंड, कोक आणि रंग यांचा पुरवठाही आटला. बाजारपेठ मोकळी आणि भट्टी उपाशी, अशी विलक्षण स्थिती झाली. लक्ष्मणरावांनी मोडीत निघालेले लोखंड मिळेल तेथून गोळा केले. कोल्हापूरचे छत्रपती शाहू महाराज यांनी पन्हाळगडावरील निकामी तोफा नांगरांसाठी दिल्या, ही घटना याच काळातील म्हणून सांगितली जाते. कोकऐवजी लाकडी कोळशावर भट्टी चालविण्याचे प्रयोग झाले आणि रंगही कारखान्यातच तयार करण्यात आला. अडचणीतून काढलेल्या या वाटांमुळे कामगारांचे ज्ञान वाढले आणि कारखाना युद्धातून तगून बाहेर पडला.

कंपनीची स्थापना आणि विस्तार

१५ जानेवारी १९२० रोजी किर्लोस्कर ब्रदर्स लिमिटेड या कंपनीची नोंदणी झाली. कौटुंबिक व्यवसायाला भागभांडवलाचे रूप आले. नांगर आणि कडबाकुट्टी यंत्रांच्या जोडीला उसाचे लोखंडी चरक, भुईमुगाच्या शेंगा फोडण्याची यंत्रे, हातपंप अशी अवजारे निघू लागली. लाकडी वा दगडी घाण्यातून उसाचा जेवढा रस निघे त्याहून अधिक रस लोखंडी चरकातून निघे, आणि कोल्हापूर-साताऱ्याकडील गूळ करणाऱ्यांना हा फरक काहिलीतच मोजता येई. त्यामुळे चरकाला नांगरासारखी वाट पाहावी लागली नाही.

त्याहून दूरगामी परिणाम पंपांचा झाला. विहिरीचे पाणी मोटेने काढावयाचे म्हणजे एक बैलजोडी आणि एक माणूस दिवसभर अडकून पडत. १९२६ मध्ये कारखान्याने सेंट्रिफ्यूगल पंप तयार केला. त्याच सुमारास तेलावर चालणाऱ्या एंजिनांच्या निर्मितीचाही आरंभ झाला. मोटेकडून पंपाकडे जाण्यास महाराष्ट्राला पुढे आणखी कित्येक दशके लागली. मात्र दख्खनमधील बागायती पुढे एंजिन आणि पंप यांच्या आधारे वाढली, आणि या दोन्ही यंत्रांवर बहुधा किर्लोस्कर हेच नाव असे.

लक्ष्मणरावांचे चिरंजीव शंतनुराव (१९०३–१९९४) अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी येथून यंत्रविद्येचे शिक्षण घेऊन १९२६ मध्ये परतले. स्वतः पाहून, चुकून, पुन्हा करून शिकलेला पिता आणि शास्त्रशुद्ध शिक्षण घेतलेला पुत्र यांचे दृष्टिकोन सर्वत्र सारखे असणे शक्य नव्हते. परंतु लक्ष्मणरावांनी पुढच्या पिढीस वेळीच वाट करून दिली. भारतीय उद्योगघराण्यांत हे नेहमी घडत नाही.

१९२९ नंतरच्या जागतिक मंदीत शेतमालाचे भाव कोसळले आणि नांगरांची मागणीही त्यांच्याबरोबर घसरली. शेतकऱ्याशी बांधलेला उद्योग शेतकऱ्याबरोबरच खाली येतो, हे या वर्षांत दिसून आले. कंपनीने लोखंडी फर्निचर आणि यंत्रे बनविणारी यंत्रे, विशेषतः लेथ, यांकडे मोहरा वळविला. या निर्णयात शंतनुरावांचा पुढाकार होता.

नियतकालिके

किर्लोस्कर हे नाव मराठी घरांत यंत्रांइतकेच मासिकांमुळे पोहोचले. कंपनीच्या मालाची व कारखान्याची माहिती देण्यासाठी १९२० मध्ये किर्लोस्कर खबर हे पत्रक निघाले. लक्ष्मणरावांचे पुतणे शंकर वासुदेव किर्लोस्कर (शंवाकि) यांनी त्याचे रूपांतर किर्लोस्कर या मासिकात केले. १९३० मध्ये स्त्री आणि १९३४ मध्ये मनोहर ही मासिके निघाली. जाहिरातीसाठी निघालेल्या पत्रकातून बुद्धिवाद, स्त्रियांचे प्रश्न, उद्योजकांची चरित्रे आणि विज्ञान यांना वाहिलेले मासिक उभे राहिले. विनायक दामोदर सावरकर यांचे अनेक विज्ञाननिष्ठ निबंध किर्लोस्करमधूनच प्रसिद्ध झाले. माळावरच्या एका कारखान्याच्या छापखान्यातून हे साहित्य महाराष्ट्रभर जात होते. या मासिकांच्या संपादनात लक्ष्मणरावांचा प्रत्यक्ष हात नव्हता. तथापि विक्रीशी थेट संबंध न उरलेल्या मजकुराचा खर्च त्यांच्या कंपनीने दीर्घकाळ सोसला, हे श्रेय त्यांना द्यावे लागेल.

उत्तरायुष्य

१९४१ मध्ये म्हैसूर संस्थानात तुंगभद्रेच्या काठी हरिहर येथे म्हैसूर किर्लोस्कर हा यंत्रनिर्मितीचा कारखाना स्थापन झाला. पुन्हा एकदा एका संस्थानाचे साहाय्य उपयोगी पडले. १९४६ मध्ये पुण्याजवळ खडकी येथे किर्लोस्कर ऑइल एंजिन्स आणि बंगळूर येथे किर्लोस्कर इलेक्ट्रिक या कंपन्या निघाल्या. त्यांची सूत्रे पुढच्या पिढीकडे होती.

३० जानेवारी १९४८ रोजी महात्मा गांधींची हत्या झाली. मारेकरी ब्राह्मण असल्याचे कळताच सातारा, सांगली, कोल्हापूर या भागांत ब्राह्मणांची घरे व उद्योग यांवर हल्ले झाले. त्यात किर्लोस्करवाडीचा कारखाना जाळण्यात आला. लक्ष्मणराव तेव्हा ७८ वर्षांचे होते. ज्या वसाहतीत अस्पृश्यतेला चार दशकांपूर्वी बंदी झाली होती आणि जिच्या चुली परिसरातील शेकडो घरांच्या चुलींशी जोडलेल्या होत्या, तिच्यावरही जमाव चालून आला. कारखान्याने परिसराला रोजगार दिला, कौशल्य दिले; परंतु मालकी आणि वरिष्ठ जागा प्रामुख्याने एकाच थरात राहिल्या होत्या, आणि ब्राह्मणेतर चळवळीच्या या प्रदेशात ती दरी लोकांच्या डोळ्यांसमोर होती. जाळपोळीचे समर्थन त्यामुळे होत नाही. किर्लोस्करवाडीच्या सामाजिक प्रयोगाचा लेखाजोखा मांडताना मात्र ही बाजू वगळता येत नाही. कारखाना पुन्हा उभारण्यात आला आणि काम सुरू झाले.

लक्ष्मणरावांचे निधन २६ सप्टेंबर १९५६ रोजी, वयाच्या ८८ व्या वर्षी झाले.

स्मृती

लक्ष्मणरावांच्या जन्मशताब्दीनिमित्त भारत सरकारच्या टपाल खात्याने २० जून १९६९ रोजी त्यांचे चित्र असलेले तिकीट प्रसिद्ध केले. शंतनुरावांना १९६५ मध्ये पद्मभूषण हा किताब मिळाला होता. त्यांच्या कॅक्टस अँड रोझेस या इंग्रजी आत्मचरित्राच्या नावात किर्लोस्करवाडीच्या माळावरील निवडुंगाची आठवण आहे. शंवाकींच्या शंवाकीय या आत्मचरित्रातूनही घराण्याची आणि मासिकांची हकीकत वाचावयास मिळते. किर्लोस्करवाडी आज सांगली जिल्ह्याच्या पलूस तालुक्यात मोडते. तेथील कारखान्यात नांगर होत नाहीत. पंप तयार होतात.